बदलीवर आलेला सिंह

मे महिन्यात पुण्याचे पाहुणे आले की बेळगावच्या माणसापुढे एकच प्रश्न उभा राहतो, यांना दाखवायचं काय? किल्ला आणि आतली कमल बस्ती एका सकाळीत उरकते. गोकाकचा धबधबा मे महिन्यात म्हणजे नुसता कडा. कुंदा दाखवायचा नसतो, बांधून द्यायचा असतो. यंदा बहीण, भावोजी आणि आठ वर्षांचा भाचा असे तिघं आले. भाच्याने चपला काढायच्या आधीच जाहीर केलं, "मामा, मला प्राणी बघायचेत."

घरात पाली आहेत, असं मी म्हणणार होतो. बायकोकडे बघून गप्प बसलो.

प्राणी म्हणजे भुतरामहट्टी. कित्तूर राणी चन्नम्मांच्या नावाचं प्राणिसंग्रहालय गावापासून पंधरा-एक किलोमीटरवर, पुणे-बेंगळूर हमरस्त्याच्या बाजूला. म्हणजे पाहुणे त्याच्या शेजारूनच ऐंशीच्या वेगाने आले होते. भावोजींना हे सांगायला नको होतं. "मग येतानाच उरकलं असतं," हे वाक्य त्यांनी दोन दिवसांत सात वेळा म्हटलं. डिझेलच्या हिशोबासकट.

नऊला निघायचं ठरलं होतं. आईने चपात्या, बटाट्याची भाजी, शेंगाचटणी, भडंग आणि हरणांसाठी म्हणून वेगळी डझनभर केळी बांधली. निघालो साडेअकराला. भावोजींची एमएच-१२ गाडी, पुढे ते आणि मी, मागे बाकीचे पाच जण एकमेकांच्या मांडीवर. भर उन्हात प्राणी बघायला फक्त माणूस हा प्राणी बाहेर पडतो. बाकीचे सगळे तेव्हा सावलीत असतात, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

काकतीपर्यंत वेळ काढायला माझ्या मुलीने प्रश्नमंजूषा सुरू केली. ती शाळेत कन्नड शिकते, त्यामुळे घरात तिचा शब्द शेवटचा असतो.

"काका, हुली म्हणजे?"

"वाघ," भाच्याने आतेबहिणीच्या आधी चोरून वाचून सांगितलं. चूक. मामेबहिणीच्या. बेळगावात नाती सांभाळून लिहावी लागतात.

"आने म्हणजे?"

"आणे? सोळा आण्यांचा रुपया," भावोजी.

"हत्ती! आता करडी म्हणजे?"

भावोजी खुलले. "हे सोपंय. करडीचं तेल! हृदयाला चांगलं."

करडी म्हणजे अस्वल. यानंतर काकतीपर्यंत भावोजी बोलले नाहीत. तेवढ्यात मुलीने 'कत्तेकिरुब' विचारलं आणि ते एकदम ताठ झाले. त्यांनी दोन वर्षं बेंगळुरात नोकरी केली होती. 'कत्ते' म्हणजे गाढव, हा एक कन्नड शब्द त्यांना पक्का ठाऊक होता. का, ते कुणी विचारलं नाही. उत्तर होतं तरस.

तिकीट काढून आत गेलो. पहिली हरणं. चितळांचा एक कळप झाडाखाली बसून रवंथ करत होता आणि आमच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर मी फक्त लग्नात पंगतीला उशिरा आलेल्यांवर पडलेली पाहिली आहे. आईने केळी काढली. मुलीने पाटी वाचली, "प्राणिगळिगे आहार कोडबेडि." प्राण्यांना खायला देऊ नका.

"मला कन्नड येत न्हाई गा," आई म्हणाली.

रविवारच्या बाजारात हीच बाई "एष्टु? कम्मी माडि" म्हणत भाजीवालीला रडकुंडीला आणते. तिचं कन्नड दर पाडण्यापुरतं आहे, पाट्या पाळण्यापुरतं नाही. शेवटी ती केळी आम्ही खाल्ली. डझनभर. हरणांच्या देखत.

आणि मग सिंह.

सिंहासाठीच आलो होतो. सिंह होतासुद्धा. एका झाडाच्या सावलीत उताणा, चारही पाय चार दिशांना, पोट आभाळाकडे. गल्लीतल्या पारावर दुपारी दोन वाजता जो कुणी दिसतो तो असाच दिसतो, फक्त त्याला आयाळ नसते.

आई बराच वेळ बघत राहिली. "जित्ता हाय न्हवं गा त्यो?"

"झोपलाय."

"सिंह चांगला आहे खरं झोपूलालाय."

"हो, खरंच झोपलाय," भावोजींनी मान डोलावली. त्यांना लग्नाला बारा वर्षं होऊनही कळलेलं नाही की आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. मी कधी फोनवर "येतो खरं" म्हटलं की ते वाट बघत बसतात आणि मी उरलेलं वाक्य जुळवत असतो.

सिंह दिवसाचे वीस तास झोपू शकतो, ही माहिती मी भाच्याला दिली. चूक झाली. त्याने बोटं मोजली आणि विचारलं, "मग उरलेले चार तास कधी?" आम्ही थांबायचं ठरवलं. वीस मिनिटांनी सिंहाचा डावा कान हलला. आमच्यासोबत कठड्याला टेकलेल्या तीस-चाळीस माणसांच्या तोंडून एकदम "ओऽऽ" निघालं. भावोजींनी त्या कानाचा व्हिडिओ काढला. अजून त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, त्यातला कान एक सेकंद.

"हा इथलाच का?" बहिणीने विचारलं.

"नाही. २०२१ मध्ये बन्नेरघट्टहून सिंह आणले ना, त्यातलाच असणार."

"म्हंजे बदलीवर आलाय," आई म्हणाली, आणि तिला तो एकदम आवडू लागला. माझे वडील सरकारी खात्यात होते. जेवल्यावर त्यांचा कान हलायचा तो असाच.

वाघाने आमच्याकडे पाठ केली होती, त्यामुळे वाघाची पाठ पाहिली. भाच्याला जिराफ हवा होता. जिराफ म्हैसूरला. तिथलं प्राणिसंग्रहालय १८९२ सालचं, हत्ती-जिराफ-झेब्रा सगळं आहे, असं मी कौतुकाने सांगितलं तेव्हा भावोजी मोबाइलवर म्हैसूरचं अंतर बघू लागले. मी विषय बदलला.

तो विषय म्हणजे बिबट्या. बेळगावच्या माणसाजवळ पाहुण्यांसाठी ही एक गोष्ट कायम शिल्लक असते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक बिबट्या जाधवनगरात एकाला ओरबाडून शेजारच्या गोल्फ मैदानात शिरला. भर गावात! पिंजरे लावले, ड्रोन उडवले, शेवटी शिमोग्याकडच्या सक्रेबैलूहून हत्ती आणले. आसपासच्या बावीस शाळांना सुट्टी मिळाली. माझी मुलगी तेव्हा रात्री देवापुढे काय मागत होती ते मी ऐकलं आहे, आणि ते बिबट्या सापडण्याबद्दल नव्हतं. गाव मात्र बिबट्या शोधणारे हत्ती बघायला लोटलं. बिबट्या शेवटपर्यंत हाती लागला नाही. त्याने न बोलावता येऊन, तिकीट न काढता गाव बघितलं आणि गेला.

"तो आता कुठंय?" भाच्याने विचारलं. बारा वाजल्यापासून तो पहिल्यांदाच खुश दिसत होता.

दुसऱ्या दिवशी जांबोटीकडे मावशीकडे जायचं होतं. तिथून भीमगडचं अभयारण्य लागतं. २०११ साली ते जाहीर झालं. त्या जंगलात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक वटवाघूळ राहतं. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं आणि पुढे कित्येक दशकं जगात दुसरीकडे कुठे ते राहतं हेच ठाऊक नव्हतं. मी हे दोन्ही हात हलवून सांगितलं. "वटवाघूळ तर आमच्या सोसायटीतही आहेत," भावोजी म्हणाले. पुण्याच्या माणसाला दुर्मीळ काहीही दाखवणं कठीण आहे.

मावशीच्या अंगणात फणस लगडला होता. गाडी त्याच्याच सावलीत लावली. भाचा वर बघून किंचाळला, "शेकरू! आपला राज्यप्राणी!"

खरंच शेकरू होतं. तपकिरी-पिवळं, हातभर शेपूट, फणसावर उलटं लोंबकळत गरे काढत होतं. भीमगडच्या रानात ती आहेत हे माहीत होतं, खरं दिवसाढवळ्या इतक्या जवळून मीही पाहिलं नव्हतं.

"पण हे महाराष्ट्राचं," भावोजी म्हणाले. "इथे कसं?"

मी काय सांगणार? कर्नाटकाचा राज्यप्राणी हत्ती. तो २००२ च्या सुमारास उठून सिंधुदुर्गात गेला, तिलारीत राहिला, चंदगड-आजऱ्याचा ऊस-भात खातो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, ते इथे खानापूर तालुक्यात फणस खातंय. सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. या दोघांनी निकालाची वाट बघितलेली नाही.

"मावशी, अस्वल पण येतं का इथे?" भाच्याने विचारलं.

"येतं की. वारुळं उकरायला. मागच्या आठवड्यात परसात आलं होतं."

भावोजी दाराकडे सरकले. "करडी?" त्यांनी हळूच विचारलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आमच्याकडचा शब्द बरोबर जागी वापरला.

तेवढ्यात वरून धप्प आवाज झाला. शेकरूने अर्धा खाऊन सोडलेला फणस देठापासून सुटला होता आणि एमएच-१२ च्या समोरच्या काचेवर बसला होता. गरे, चीक, आठळ्या, सगळं वायपरमध्ये. भावोजी नुसते बघत राहिले. भाचा टाळ्या पिटत होता. शेकरू दुसऱ्या फणसाकडे वळलं होतं.

आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "नंबर वाचला गा त्यानं."