विस्कॉन्सिनचा निकाल आठ महिने आधी कसा सांगावा

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर ठाम मत असणे हे आता आपले कर्तव्यच झाले आहे. भाचा शिकागोत नोकरीला असेल तर मग बोलायलाच नको. पण पन्नास राज्यांचा अभ्यास कोण करत बसणार? एकच धरा : विस्कॉन्सिन. १० इलेक्टोरल मते (म्हणजे अध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी मते), गाई, चीज आणि हाडे गोठवणारी थंडी. २००० ते २०२४ या सात निवडणुकांत पाच वेळा तिथला फरक एका टक्क्याच्याही आत होता. असल्या राज्याचा निकाल छातीठोकपणे सांगणाऱ्याचा कट्ट्यावर मान वाढतो.

पहिली जनमत चाचणी आली रे आली, की कामाला लागा. मतदानाला आठ महिने आहेत म्हणून थांबू नका. ‘आज मतदान झाले तर’ हे शब्द तेवढे गाळून आकडे पुढे पाठवा. ‘अजून ठरवलेले नाही’ म्हणणाऱ्यांना हिशेबातच धरू नका. २०१६ मध्ये तिथल्या अशा बऱ्याच मतदारांनी अगदी शेवटच्या दिवसांत ठरवले आणि त्यांतले बहुसंख्य ट्रम्प यांच्याकडे गेले. हा त्यांचा आगाऊपणा. चाचणीचा काय दोष?

तळाशी बारीक अक्षरात ‘कमी-अधिक ३.५ टक्के’ असे काहीतरी असते. ते वाचू नका, डोळ्यांना त्रास होतो. आठशे माणसांच्या चाचणीत एवढी चूक एकेका उमेदवाराच्या आकड्यात धरायची असते. दोघांमधल्या फरकात ती जवळपास दुप्पट होते. सात टक्के इकडेतिकडे होऊ शकणाऱ्या मापाने पाऊण टक्क्याचा निकाल मोजायला धाडस लागते. ते तुमच्यात आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्याला आजीने शिकवलेच आहे. फक्त इथे शिताने फोन उचलावा लागतो. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या फोनवरच्या चाचण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळे, २०१८ मध्ये ६ टक्के. उरलेले ९४ टक्के जेवत असतील. २०१६ मध्ये फोन उचलणाऱ्यांत पदवीधर जास्त निघाले आणि कित्येक राज्यांतल्या चाचण्यांनी ते प्रमाण दुरुस्तच केले नाही. शिकलेली माणसे जास्त बोलतात, यात नवीन ते काय?

त्या वर्षी विस्कॉन्सिनातल्याच मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या तिथल्या शेवटच्या चाचणीत हिलरी क्लिंटन ४६, ट्रम्प ४०. इतके छान आकडे असताना विमानाचा खर्च कशाला? उमेदवारी मिळाल्यावर क्लिंटनबाई प्रचारासाठी विस्कॉन्सिनात एकदाही फिरकल्या नाहीत. हरल्या २२,७४८ मतांनी. आदर्श घ्यावा तर असा.

आकडा निवडताना कंजुषी नको. २०२०च्या ऑक्टोबरअखेर एबीसी वाहिनी आणि वॉशिंग्टन पोस्टच्या विस्कॉन्सिनातल्या चाचणीत बायडेन ५७, ट्रम्प ४०. सतरा टक्के! आठवड्याभरात बायडेन खरेच जिंकले, ३३ लाख मतांत २०,६८२ मतांनी. अशा वेळी ‘विजेता बरोबर सांगितला होता की नाही?’ एवढेच विचारायचे आणि चहा मागवायचा.

मतमोजणीच्या रात्रीही बेसावध राहू नका. तिथल्या कायद्याप्रमाणे टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नाहीत. त्यामुळे मिलवॉकी या तिथल्या सर्वांत मोठ्या शहराचा मोठा गठ्ठा मध्यरात्रीनंतर येतो. तेव्हा आपल्याकडे दुपार होत आलेली असते आणि तुम्ही ऑफिसात असता. तरी सकाळी नाश्त्यालाच विजेता जाहीर करून टाका. नंतर आकडे उलटले, तर ‘काहीतरी काळेबेरे आहे’ म्हणायला मोकळे.

२०२८ साठीही आतापासून तयारीला लागा. उमेदवार कोण, हे पक्षांनी ठरवायचे आहे, एवढ्या क्षुल्लक कारणासाठी खोळंबून राहू नका.