कुत्रा गद्दार कसा काय झाला?

भाचीची इंग्लिशची इंटर्नल उद्यावर आलीय आणि रात्री साडेदहाला हिचा मेसेज, "मावशी, मी दोन पॅरा काढून टाकले, चुकीचे होते." कोणी सांगितलं? तर ग्रुपवर फिरणारं एक फॉरवर्ड, जॅक लंडनच्या 'टू बिल्ड अ फायर' या कथेवर (कडाक्याच्या थंडीत एक माणूस फक्त कुत्रा घेऊन निघतो आणि गारठून मरतो) "परफेक्ट नोट्स". म्हणे एका कथेत एकच संघर्ष असतो, इथे माणूस विरुद्ध निसर्ग, दुसरं काही लिहिलं तर मार्क कट. निसर्ग हा खलनायक. माणूस मेला तो नशिबाने. आणि कुत्र्याने मालकाशी गद्दारी केली!

आधी कुत्राच घेते, कारण हे वाचून माझा चहा गार झाला. अहो, बर्फाखाली पाणी आहे का बघायला हा माणूस कुत्र्याला पुढे ढकलतो, त्याचे पाय भिजवतो (नंतर पायातला बर्फ काढायला मदत करतो, तेवढं खरंय). लंडन सरळ सांगतो की दोघांत जिव्हाळा नाहीच, कुत्र्याला आजवर माहीत आहे तो फक्त चाबूक. शेवटी तर त्याला मारून त्याच्या गरम पोटात हात खुपसायचा बेत असतो, तो फसतो कारण गारठलेल्या बोटांना सुरीच धरता येत नाही. तरी कुत्रा तिथेच बसून राहतो, मेल्याचा वास आल्यावर कॅम्पकडे निघतो. यात गद्दार कोण?

खलनायकाचं म्हणाल तर उणे ७५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे ५९ सेल्सिअस, त्या थंडीला हा माणूस जगात आहे हेसुद्धा ठाऊक नाही, ती कसला बदला घेणार.

नशीब? पाण्यात पाय गेला ते नशीब, चला मान्य. पण पाय सुकवायला शेकोटी झाडाखाली पेटवली आणि त्याच झाडाखालच्या काटक्या ओढत बसला, वरचा बर्फ आगीवर पडणार नाही तर काय. चूक त्याचीच, असं कथेतच लिहिलंय.

आता तो "एकच संघर्ष". मुख्य संघर्ष निसर्गाशी आहे हे बरोबर, दोन मार्कांच्या प्रश्नाला तेवढं चालेल. पण लंडनने हीच गोष्ट दोनदा लिहिलीय. १९०२ मध्ये मुलांच्या साप्ताहिकात आली तिच्यात माणसाला नाव आहे, टॉम व्हिन्सेंट, कुत्रा नाही, आणि तो वाचतो, एकटं फिरायचं नाही हा धडा शिकतो. १९०८ मध्ये माणूस निनावी, सोबत कुत्रा, आणि मरण. जीवघेणी थंडी दोन्हीकडे आहे, मग नव्या कथेत भरलं काय? तर सल्फर क्रीकचा म्हातारा, जो सांगतो की उणे ५० फॅरनहाइटच्या खाली एकट्याने निघू नका आणि हा त्याला हसतो. नंतर हसू जातं, भीती येते, वेड्यासारखा धावतो, पडतो, आणि शेवटी त्याच म्हाताऱ्याला उद्देशून पुटपुटतो, तुझं बरोबर होतं. हा झगडा स्वतःशी नाही तर कोणाशी? भाचीने नेमके हेच दोन पॅरा कापले होते!

रात्री बाराला तिने ते परत घातले. फक्त कुत्र्याला "बिचारा" म्हटलंय, ते मी खोडायला लावलं नाही.