अपील करू दे, पण भाडं कोर्टात भरत राहू दे

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. आत्तेभावाच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यातला जुना भाडेकरू केस हरला, खोल्या खाली करा असा निकाल लागला, तर त्याने जिल्हा न्यायालयात अपील टाकून स्टे आणला. झालं, सगळे सुरू, तुमच्या अमेरिकेत बरंय, कोर्ट लगेच बाहेर काढतं, अपीलाची भानगडच नाही.

तसं नाहीये हो. टेक्ससमध्येही अपील असतं आणि घरमालकीण म्हणून मी त्यातून गेलेय. फ्रिस्कोतल्या आमच्या घराचं भाडं थकलं, तीन दिवसांची नोटीस दिली, जस्टिस कोर्टात, म्हणजे घर खाली करायच्या केसेस आधी जिथे चालतात त्या खालच्या कोर्टात, निकाल माझ्या बाजूने लागला आणि पाच दिवसांच्या मुदतीत भाडेकरूने अपील केलं. वरच्या काउंटी कोर्टात केस पहिल्यापासून नव्याने चालते, खालचा निकाल जमेस धरत नाहीत, त्यामुळे लीज, नोटीस दारावर लावल्याचा फोटो, कुठल्या महिन्याचे किती आले त्याचा हिशोब, सगळी फाईल परत मांडावी लागली. वैताग आला होता खूप.

पण एक गोष्ट मला मनापासून पटली. अपीलासाठी लागणारा बाँड, म्हणजे हमीची रक्कम, भरायची ऐपत नाही असं शपथेवर लिहून दिलं तरी तिथे अपील करता येतं, गरिबाला ती वाट हवीच. मात्र भाडं थकल्याची केस असेल तर अशा भाडेकरूने पाच दिवसांत एक महिन्याचं भाडं कोर्टात जमा करायचं, पुढेही दर महिन्याचं तिथेच भरत राहायचं, चुकलं तर मालकाला ताब्याचा आदेश मागता येतो. त्यामुळे अपील लांबलं तरी पैसे बुडतायत ही धास्ती मला नव्हती.

आणि हे आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नका. आत्माराम प्रॉपर्टीज केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2004 सालीच सांगितलंय की स्टे देताना अपील कोर्ट भाडेकरूला बाजारभावाने भरपाई भरायची अट घालू शकतं, आणि 2009 मध्ये सुपर मॅक्स केसमध्ये महाराष्ट्राच्या भाडे कायद्यालाही ते लागू केलं. आत्तेभावाच्या वकिलांनी तसा अर्ज दिलाय का, हे ग्रुपवर एकानेही विचारलं नाही! आसपासच्या खोल्यांचे रजिस्टर केलेले लीव्ह अँड लायसन्स करार जोडून रक्कम ठरवून मागा ना.

बाकी टेक्ससची घाई मला पुण्यात नकोय. इथे शेवटी कॉन्स्टेबल, म्हणजे कोर्टाचा आदेश बजावणारा अधिकारी, दारावर चोवीस तासांची नोटीस लावतो आणि मग सामान बाहेर. तीन पिढ्या त्याच दोन खोल्यांत राहिलेल्या माणसाला असं काढणं मला बघवणार नाही, आणि तो पेन्शनवर असेल तर पूर्ण बाजारभावही झेपायचा नाही, कोर्टाने त्याची ऐपत बघूनच आकडा ठरवावा. पण निकालानंतरही तेच दोन-तीनशे रुपये भाडं आणि छताची डागडुजी मात्र आत्तेभावाच्या खिशातून, हे वर्षानुवर्षं चालणं साफ चूक आहे.