सगळ्यांना मिलिटरीत घाला म्हणे!

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. गणपतीवर फळं-पानं बांधलेल्या माटोळीखाली भाचेमंडळी मोबाइलात डोकी घालून बसलेली, आम्ही मोठी माणसं नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाऊन सुस्तावलेली. भावजींनी पोरांकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "ह्या सगळ्यांक दोन वर्सां मिलिटरींत घालूंक जाय. इस्रायलात बघा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "आपल्या थोरल्याला कधी पाठवताय?" तर म्हणाले, "त्याचं आयईएलटीएस आहे रे पुढच्या महिन्यात." म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा.

हशा झाला, विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो आठ दिवस गेला नाही, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे, हे बोलणाऱ्यांच्या मनात देशाचं संरक्षण नसतंच. मनात असतो उशिरा उठणारा, उलट बोलणारा, बाइकवर तिघांना घेऊन फिरणारा पोरगा. आपल्याला घरात जमलं नाही ते सुभेदारसाहेबांनी करून द्यावं, एवढीच अपेक्षा. अरे, फौज म्हणजे काय बिघडलेल्या पोरांचं वसतिगृह आहे? सियाचेनवर उभ्या असलेल्या जवानाने शेजारच्या माणसावर जिवाचा भरवसा ठेवायचा असतो. तो शेजारी बापाने वैतागून पाठवलेला असला तर कसं व्हायचं?

दुसरं, हिशेब. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींहून जास्त पोरं-पोरी अठरा वर्षांची होतात. आपलं अख्खं खडं सैन्य बारा लाखांच्या आसपास. म्हणजे सगळ्यांना घेणं शक्यच नाही, निवडून घ्यावं लागणार. आता निवडायचं कसं हे मी गोव्यातल्या माणसांना सांगायची गरज आहे का? साध्या शिपायाच्या नोकरीसाठी कोणाकोणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात ते आपण जाणतो. तिथे नोकरी मिळवायला वशिला लागतो, इथे न मिळवायला लागेल. सपाट पायांचे आणि अधू डोळ्यांचे दाखले घराघरांतून निघतील. उरतील ती ज्यांच्या बापाची कुठे ओळख नाही ती.

कायद्याची आडकाठी नाही, हेही सांगतो. घटनेच्या २३ व्या कलमात वेठबिगारीला बंदी आहे, पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा ठेवली आहे. अट एवढीच की धर्म, वंश, जात, वर्ग बघून भेदभाव करायचा नाही. तरीही स्वतंत्र भारताने कधी सक्तीची सैन्यभरती केली नाही. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली कॉलेजातल्या पोरांना एनसीसी तेवढी सक्तीची केली, आणि पाच वर्षांत, १९६८ साली, परत ऐच्छिक केली.

आणि आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या माणसाने तरी या बाबतीत इस्रायलकडे कशाला बघायचं? १८९५ साली पोर्तुगीज सरकारने इथल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम सोडला. तिथलं बंड मोडायला माणसं हवी होती. हे शिपाई पगारी होते, कोणी धरून आणलेले नव्हते. पण समुद्रापलीकडे, परक्याच्या लढाईत, मागे बायकापोरांची सोय काय ते न सांगता? ते हत्यारांसकट निघाले ते थेट नाणूसच्या किल्ल्यावर आले. मग सत्तरीच्या राण्यांपैकी दादा राणे त्यांना मिळाले आणि सगळी सत्तरी पेटली. ते बंड मोडायला लिस्बनहून राजाच्या सख्ख्या भावाला फौज घेऊन यावं लागलं. लहानपणी आम्ही नाणूसला सहलीला जायचो, तेव्हा राण्यांची शौर्यगाथा ऐकायचो. शिपाई का बिथरले हे मास्तरांनी कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौज गोव्यात शिरली, तेव्हा इथे पोर्तुगालचे तीन हजारांहून जास्त सैनिक होते, त्यातले बरेच सक्तीच्या भरतीतले विशीतले पोरगे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता की शरण जायचं नाही, लढून मरायचं. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो हुकूम बाजूला ठेवला आणि १९ तारखेला शरणागती दिली. त्या पोरांचे जीव वाचले. मायदेशी परतल्यावर त्या माणसाला सैन्यातून हाकलून दिलं. पुढे अंगोला, मोझांबिक, गिनीमध्ये पोर्तुगालने अशीच सक्तीची पोरं तेरा वर्षं पाठवली. हजारो जण भरती चुकवायला फ्रान्सात पळाले. शेवटी १९७४ साली सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनीच सरकार उलथवलं. ज्या देशातून पोरं अशी पळाली, त्याच देशाच्या पासपोर्टासाठी आज आमचे लोक आजोबांचा जन्मदाखला हुडकत फिरतात. असो. ज्याचा त्याचा संसार.

इथपर्यंत मला माझं म्हणणं अगदी पक्कं वाटत होतं. मग काकांशी बोललो.

माझे धाकटे काका १९७८ साली बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. सतरा वर्षं काढून पेन्शनीवर आले. मी म्हटलं, "काका, तुम्ही मर्जीने गेलात, म्हणून टिकलात." ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "म्हाका कोणें धरून व्हरूंक नाशिल्लें. पूण घरा रावून खावपाचें किदें?" म्हणजे, धरून कोणी नेलं नव्हतं, पण घरी राहून खायचं काय? घरात सात तोंडं, कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, तीही दुसऱ्याची. याला मर्जी म्हणायचं का, हे मला त्यांना विचारवलं नाही.

सक्तीच्या बाजूने बोलायचं तर खरा मुद्दा हाच आहे, आणि तो आमच्या भावजींच्या तोंडून येत नाही. कायदा सक्ती करत नाही तिथे गरिबी करते. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ साली सक्ती काढून टाकावी का यावर मतदान झालं, तेव्हा ७३ टक्के लोकांनी ती ठेवा म्हणून सांगितलं. तिथे बँकवाल्याचा मुलगाही जातो. ज्यांची पोरं सीमेवर आहेत ते युद्धाची भाषा जरा जपून बोलतात, हे मला पटतं. आपल्याकडे टीव्हीसमोर बसून लाहोर घेणाऱ्यांच्या घरातलं कोणी बांबोळीच्या लष्करी कॅम्पच्या फाटकाआतही गेलेलं नसतं.

तरीही मी सक्तीला हो म्हणणार नाही. कारण वर सांगितलंच आहे, पुन्हा त्याच पोरांवर पडेल. एनसीसी मात्र मागेल त्याला मिळू द्या. मी दोन वर्षं केली आहे. पहाटेच्या थंडीत बुटांना पॉलिश करण्याने मी देशभक्त झालो असं नाही, पण बिहारच्या एका पोराशी दहा दिवस एका तंबूत झोपलो. घरी राहून ते मला मिळालं नसतं.

आमच्या वाड्यावरचा एक पोरगा अग्निवीर आहे. माझा विद्यार्थी. चार वर्षांची नोकरी, मग शंभरातले पंचवीस कायम, बाकीचे ११.७१ लाख सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही. तो सुट्टीवर आला होता आणि त्या दुपारी आमच्याच पडवीत बसला होता. भावजी बोलत होते तेव्हा ताटातली नेवरी संपवत राहिला, एक शब्द बोलला नाही. जाताना चपला घालता घालता मला हळूच म्हणाला, "सर, परतून आयल्या उपरांत आमच्या पोलीस भरतीत वयाची सवलत मेळटली मगो?"

मी म्हटलं, चौकशी करून सांगतो. कोणाला नक्की माहीत असेल तर कळवा. नुसतं ऐकलेलं नको, कागद असेल तर बरं.