मेन पार्ट

गेल्या आठवड्यात एका जुन्या मित्राला ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनरची आठवी सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची चार भागांची लांबलचक रचना, पाठवली होती. आज सकाळी त्याचं उत्तर आलं. "ऐंशी मिनिटं कोण ऐकणार राव? मेन पार्ट कितव्या मिनिटाला आहे सांग, तेवढा ऐकतो."

तेव्हापासून डोकं फिरलंय. मेन पार्ट! उद्या वारीतला मेन पार्ट विचारशील आणि वाखरीला गाडीतून उतरशील.

लाइपझिगला शिकत असताना ही सिंफनी पहिल्यांदा समोर बसून ऐकली. स्वस्तातलं तिकीट, शेजारी एक आजी, मांडीवर घडी घातलेला कोट. शेवटी चारही भागांतले सूर एकमेकांवर चढले, सगळा ऑर्केस्ट्रा एका सुरात तीन पायऱ्या उतरला आणि थांबला. मी टाळीसाठी हात उचलले, तर आजींनी माझं मनगट धरलं. ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरचे हात अजून वर होते.

आता ज्याची मिनिटं आपण मोजतोय, त्या माणसाचं काय झालं ते ऐका. १८७७ साली व्हिएन्नात तिसरी सिंफनी स्वतः उभं राहून वाजवून घेतली, तर लोक उठून निघून गेले. उरलेल्या मूठभरांत सतरा वर्षांचा माहलर होता, पुढे स्वतःच मोठा संगीतकार झालेला. साठीला आल्यावर सातवीनं नाव झालं. १८८५ साली म्युनिकमध्ये ती गाजवली कंडक्टर हरमान लेवीनं, म्हणून १८८७ला आठवी मोठ्या विश्वासानं त्याच्याकडेच पाठवली. लेवी म्हणाला, जमत नाही. शत्रू म्हणाला असता तर सोसलं असतं हो! ब्रुकनर खचला. तीन वर्षं आठवी खोडत बसला, वर जुन्या सिंफन्याही पुन्हा उकरल्या. कापाकापीचे सल्ले द्यायला शिष्य होतेच, सगळे प्रेमानं. आणि त्या फेरफारांत नववी राहून गेली. १८९६च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला तेव्हा तिचा शेवटचा भाग अर्धाच होता.

बरं, एक कबूल करतो. आठवीचा पहिला भाग मुळात दणक्यात संपायचा. फेरफारानंतर तो विझत विझत संपतो, आणि मला तो विझणाराच आवडतो. म्हणजे लेवीच्या नकाराचा फायदा झाला. झाला असेल. पुढे बोलू नका.

आपल्याकडे तरी काय वेगळं? विलंबित सुरू झाला की अर्धा मांडव वडापावच्या रांगेत, द्रुतला परत. त्यांना कोणी मनगट धरणाऱ्या आजी भेटल्या नाहीत, दुसरं काय.

(इथवर लिहून जेवून आलो. राग जरा उतरलाय.)

खरं सांगायचं तर त्या रात्री पहिल्या भागात मी तीनदा घड्याळ बघितलं होतं. शेवटची ट्राम चुकेल ही धास्ती होती. ब्रुकनरला घाईच नाही! एक सूर धरतो, वाढवतो, आता काहीतरी होणार म्हणून आपण सरसावून बसतो, तर सगळं थांबवून गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यभर ऑर्गन वाजवलेला माणूस, दगडी चर्चमधला आवाज विरेपर्यंत थांबायची सवय असणार, असं आपलं मला वाटतं. तिसऱ्या भागात, तो एकटाच पंचवीस मिनिटांचा, हार्प सुरू झाल्या आणि ट्रामचा विचार कधी गेला कळलंच नाही. कितव्या मिनिटाला गेला ते सांगता आलं असतं तर मित्राला तेच कळवलं असतं.

आजींनी माझं घड्याळ बघणं पाहिलं असणार. काही बोलल्या नाहीत. कंडक्टरचे हात खाली आले तेव्हा मनगट सोडलं आणि माझ्याआधी त्यांनीच टाळी वाजवली. ट्राम अर्थातच चुकली. पाऊण तास चालत खोलीवर गेलो.

मित्राला आत्ता लिहिलंय, रविवारी घरी ये, फोन बाहेर ठेवायचा. त्यानं विचारलंय, जेवायला काय आहे.