चादरीखालचा ताप

आमच्या घरचा डेस्कटॉप कधी बंद पडायचं हे स्वतःच ठरवायचा. ना निळी स्क्रीन, ना सूचना. फट्कन अंधार, आणि उरायची फक्त शेजारच्या यंत्रमागांची खडखड. आम्ही राहतो सोलापुरात, अशोक चौकाच्या मागं. इथं माग थांबला तर माणसं दचकतात, कॉम्प्युटर थांबला तर कुणाला पत्ताही लागत नाही. मला लागतो, कारण टॉवेलवाल्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं मी घरून करतो आणि जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र भरायची, 11 तारीख काही माझ्या कॉम्प्युटरची तब्येत बघून पुढं सरकत नाही.

सोलापुरात ताटात शेंगाचटणी आणि दुखण्यावर सल्ला मागावा लागत नाही. भाचा म्हणाला, "मामा, व्हायरस हाय," आणि त्यानं सगळं फॉरमॅट मारलं. बंद पडणं तसंच राहिलं, घरभरणीचे फोटो तेवढे गेले. वायरमननं अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं. समोरचे अण्णा म्हणाले, रॅम काढून खोडरबरानं पुसा. पुसली, लेकीच्या कंपासपेटीतलं वासाचं खोडरबर संपलं, तिचं रडणं दोन दिवस चाललं. सौ.नी लिंबू-मिरची बांधली, तीही मॉनिटरला. त्या बिचाऱ्याचा यात काय दोष?

मग मी स्वतः इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडला. तिथं लाल खुणांची रांग: कर्नल-पॉवर, आयडी 41. मोठ्या आशेनं वाचलं. मजकुराचा अर्थ एवढाच, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. अहो, हे तर आमच्या आईलाही माहीत होतं, आणि तिला माउसची भीती वाटते.

शेवटी कॉम्प्युटरचा डबा रिक्षात मांडीवर घेऊन नव्या पेठेत दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानातला पोरगा गिऱ्हाइकाशी मराठीत, मालकाशी तेलुगूत आणि फोनवर हिंदीत बोलत होता. त्यानं बटण दाबलं. चालू! तासभर झाला, तरी चालूच. त्यावर एक अख्खा सिनेमा लावला, माझ्यासाठी चहा सांगितला. "काका, मस्त चालायलंय की!" त्या एसीच्या गारव्यात कॉम्प्युटर सासरहून माहेरी आलेल्या पोरीसारखा खुलला होता. घरी आणला, प्लग लावला, आणि बिलाच्या तिसऱ्या ओळीला अंधार.

दुकानातला पोरगा रविवारी घरी आला. बाहेर ऊन 42 अंशांचं. त्यानं आधी कॉम्प्युटरकडं पाहिलंच नाही, वरच्या चादरीकडं पाहिलं. ही आईची व्यवस्था: धूळ बसू नये म्हणून डब्यावर घडी घालून अस्सल सोलापुरी चादर. जीआय मानांकनवाली. हवा बाहेर जायची जाळी नेमकी तिच्याखाली.

"काका, मे महिन्यात तुम्ही पांघरूण घेता का?"

मग त्यानं बाजूचं झाकण काढलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या फटीत, राखाडी नमदा बसला होता. मागांवरून उडणारी सगळी रुई तिथं मुक्कामाला आलेली. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं त्यानं तो ओढला तर पापडासारखा अखंड निघाला, आणि त्यात गुलाबी-हिरवे टॉवेलचे धागे स्पष्ट दिसत होते. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता त्या पात्यांकडं नेणारा लेप, वाळून तिचा भुगा झालेला. पंखा धरून ठेवणाऱ्या चारांतली एक पिनही उचकटलेली. प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो, आणि शंभर अंशांच्या वर जाऊ लागला की जीव वाचवायला सरळ बंद होतो. म्हणजे इतके दिवस तो बिघडत नव्हता, नियमानं वागत होता. घरात तेवढं करणारा तो एकटाच.

पोरानं ब्लोअर मारला, गव्हाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली, पिन कट्कन बसवली. बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधलं, तापमान बघून तो स्वतःच खूश झाला. दोनशे रुपये घेतले. आईनं तो नमदा हातात घेऊन चाचपला आणि विचारलं, "वाती वळायला होईल का रे हा?"

तेव्हापासून डेस्कटॉप अखंड चालू आहे. वायरमन म्हणतो, अर्थिंगचा गुण. अण्णा म्हणतात, खोडरबर. सौ. दर शनिवारी मॉनिटरची मिरची बदलतात. आणि भाच्याचा फोन आला होता: "बघ मामा, फॉरमॅट मारल्याचा फायदा झाला का नाही? आता मोबाईल दे, तो पण मारतो."