तळ्याच्या खाली कोण?

मागच्या उन्हाळ्यात आबा अमेरिकेत, युटातल्या सॉल्ट लेक सिटीला आले, तेव्हा त्यांना ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या तळ्यातल्या अँटिलोप बेटावर नेलं. गाडी लावली आणि पाण्याकडे निघालो, तर पाणी लवकर येईचना. पायाखाली मिठाचा पापुद्रा करकरत होता. काठावर बारीक माश्यांचा काळा थर होता. पाऊल टाकलं की सतरंजी ओढल्यासारखा सरकायचा. आबांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. “प्यायला नाही, भिजवायला नाही. कशापायी जपता हे?”

मग समोरच्या डोंगरावरच्या आडव्या रेषा दिसल्या. त्या हिमयुगातल्या बॉनव्हिल तलावाच्या काठाच्या खुणा. सगळ्यात वरची आजच्या पाण्यापेक्षा सुमारे 300 मीटर उंच. माझा शेजारी याच रेषांकडे बोट दाखवून म्हणतो, तळं काय, फुगतंच नि आटतंच. तो अगदीच चुकत नाही. या तळ्यातून बाहेर जाणारी नदी नाही. आलेलं पाणी उन्हाने उडायचं, एवढीच वाट. त्यात तळाचा आकार परातीसारखा. पातळी हातभर हलली तरी काठ कुठच्या कुठे जातो. 1987 मध्ये तळं सुमारे 8,500 चौरस किलोमीटरवर पसरलं होतं. पाणी पश्चिमेच्या वाळवंटात फेकायला तेव्हा सरकारने 6 कोटी डॉलरचे पंप बसवले. 2022 मध्ये तेच तळं अडीच हजारांच्याही खाली आलं. उघड्या पडलेल्या तळातली धूळ, तिच्यातल्या आर्सेनिकसकट, आता शहरावर येते.

पण मधल्या काळात फक्त ढगच बदलले नाहीत. बेअर, वेबर आणि जॉर्डन या नद्यांचं पाणी तळ्यात पोचायच्या आधीच उचललं जातं, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा गुरांच्या चाऱ्याला, आल्फाल्फाला. म्हणजे आपला लसूणघास. 2021 मध्ये राज्यपालांनी पावसासाठी प्रार्थना करायला सांगितलं. त्यांच्या घरचीही आल्फाल्फाची शेती आहे. हे ऐकून आबा खूप हसले. आपल्याकडे पाण्यात देव बुडवून ठेवतात आणि शेजारच्या रानात ऊस डोलतो, ते आठवलं असणार.

गावाकडे पाऊस कमी झाला की दिवाळीच्या सुमाराला जायकवाडी धरणाचं भांडण पेटतं. 2014 मध्ये ठरलं, 15 ऑक्टोबरला साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. मग कोर्ट, मोर्चे, बंदोबस्त. पूर्वी मला या भांडणाची लाज वाटायची. आता वाटत नाही. तिथे खाली भांडायला माणूस आहे, आणि त्याला मत आहे. या तळ्याच्या खाली कुणीच नाही. येतात ते लाखो पक्षी, तेही पाहुणे. पाणी वापरलं नाही तर हक्क जातो, अशी इथली जुनी रीत. 2022 मध्ये कायदा बदलला, तेव्हा कुठे शेतकऱ्याला हक्क न गमावता आपलं पाणी तळ्यासाठी भाड्याने देता येऊ लागलं.

परवा फोनवर हे सगळं आबांना तावातावाने सांगत होतो. आमच्या दोन एकरांत अजून ऊस उभा आहे. आबा म्हणाले, “बरोबर आहे तुझं. तुझ्या विमानाचं पहिलं तिकीट कशाच्या बिलातून काढलं होतं, ते ध्यानात आहे ना?”